बोलत जा, गो

आमच्या घरी मुलीच्या पायाचा आवाज झाला की आई चुलीपाशी बसूनच डोळे वटारायची. परभणीकडचं आमचं गाव. तिथं मुलीनं खाली बघून, गुपचूप चालायचं. सातवीनंतर शाळा सुटली, पण ही सवय सुटली नाही. ती घेऊनच मी इन्सुली गावाच्या आतल्या अंगाला, काजूच्या बागेतल्या पाहुण्यांच्या तंबूंवर स्वयंपाकाला आले.

बाग ज्यांची, त्या काकींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हंय काळी अस्वला आसत. मुद्दाम कोणाच्या वाटेक जाणत नाय. पण अचानक समोर इलास तर घाबारतत, आणि घाबारली काय अंगार येतत. म्हणान चलताना बोलत जा, गो."

पाहुण्यांनाही त्या हेच सांगायच्या. तंबूत खायचं काही ठेवू द्यायच्या नाहीत. झाडाखाली पडलेली काजूची बोंडं आम्ही ऊन उतरायच्या आत वेचून लांब खड्ड्यात पुरायचो, कारण त्या गोड वासानं अस्वल येतं. फणस तर पिकायच्या आधीच उतरवायचा.

हे सगळं मला जमलं. बोलणं तेवढं जमेना. उजाडलं की व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पंप चालू करायला जायचं. तिथंही मी खाली बघून, गुपचूपच जायचे. एकदा काकी वळणावर मला बघून केवढ्यांदा दचकल्या!

"मांजर काय गो तू? मीयाच घाबारलंय, अस्वल घाबारूचा नाय?" हसल्या, आणि मग हसू गेलं. "तुका काय झाला तर तुझ्या आवशीक मी काय तोंड दाखवू? शिमग्यापर्यंत तोंड उघडलंस नाय, तर गाडयेत बसवन घराक धाडतलंय."

घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मी म्हटलं, "पण काकी, एकटीनं बोलू काय?"

"काय्येक बोल. गाऱ्हाणा घाल."

इथं कुठलंही काम काढलं की आधी देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं सांगतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तंबू उभे राहिले तेव्हा काकांनी नारळ ठेवून घातलं होतं, त्यात अस्वलांनाही धरलं होतं: तेंका तेंची वाट, आमका आमची. सगळे ओरडले. माझे नुसते ओठ हलले.

शिमगा तोंडावर आला असताना एका सकाळी काकीही माझ्या मागून पंपाकडं निघाल्या होत्या. मी करवंदीच्या जाळीपाशी वळले, तर समोर अस्वल. वारुळात तोंड खुपसून फुसफुसत होतं. त्याला माझा पत्ताच नव्हता.

"पळा नको," मागून काकींचा आवाज आला, अगदी हळू. "बोल, गो."

"बा देवा महाराजा," मी म्हटलं. आवाज फाटला. "मी लांबून आलेय, महाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून काकी.

अस्वलानं मान वर केली. नाकाला माती लागलेली. मी एकेक पाऊल मागं सरकत होते आणि तोंडात येईल ते बोलत होते.

"त्याला त्याच्या वाटेनं जाऊ दे, महाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझं लग्न एवढ्यात लावू नको, महाराजा."

"व्हय म्हाराजा!" ह्याला काकींचा आवाज जरा जास्तच चढला.

"काकींनी मला घरी धाडू नये, महाराजा. मला इथं बरं वाटतं."

मागून काहीच आलं नाही. अस्वल वळलं, आणि ढुंगण हलवत, पाला तुडवत व्हाळाच्या पलीकडं उतरून गेलं. पाल्याचा आवाज थांबला तरी मी काकींकडं वळून बघितलं नाही. बघवतच नव्हतं.

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून, नेहमीच्या आवाजात, "चल, पंप चालू करूया. आणि थंय जायपर्यंत गप रवा नको."