जादाचं मॉडेल

साहेबांनी प्रदर्शनातून एक रंगीत पत्रक आणलेलं. परदेशात म्हणे आता कॅमेरा दाताचा फोटो घेतो, कॉम्प्युटर स्वतःच कॅपचा आकार ठरवतो आणि मशीन ती कोरून देतं. "तुमचं काय होणार गं आता?" ते हसत म्हणाले. मी म्हटलं, "येऊ दे की! माझी मान तरी मोडायची थांबेल." वागळे इस्टेटमधल्या साहेबांच्या डेंटल लॅबमध्ये मी तुटक्या दातांवर बसवायच्या सिरॅमिकच्या कॅपा बनवायचे. ब्रशने पावडरचा थर चढवायचा, भट्टीत भाजायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. कॅप आणि दात यांच्या सांध्यात नखसुद्धा अडकता कामा नये, तर ती फिटिंग.

त्याच आठवड्यात कल्याणच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून माप आलं, पेशंटच्या दातांचा साचा. त्यात प्लास्टर ओतून मॉडेल सोडवलं आणि उजेडात धरलं. डावा सुळा आडवा, आणि पुढच्या एका दाताला गजऱ्याचा दोरा तोडून तोडून पडलेली बारीक खाच. माझ्या धाकट्या बहिणीचं तोंड होतं ते. खाचेशेजारच्या दाताचा नुसता खुंट उरलेला. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

तिच्या शेजारणीकडे फोन करून तिला फोनवर बोलावून घेतलं. "बाथरूममध्ये घसरले गं ताई," म्हणाली. मेली, खोटं बोलायला कधी शिकली? मी त्याच मापात पुन्हा प्लास्टर ओतलं आणि ते जादाचं मॉडेल घरी नेलं. कॅप मात्र जीव ओतून केली. तिचा मूळ दात मला तोंडपाठ होता.

कॅप बसल्यावर एका रविवारी ती बॅग घेऊन मानपाड्याला आमच्या घरी आली. "आई, मी परत जाणार नाही. त्याने माझा दात पाडला."

आईने तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. "कुठला गं? सगळे जागच्या जागी आहेत की! उगीच आपलं काहीतरी."

माझं डोकंच फिरलं. मॉडेल आणून आईच्या पुढ्यात आपटलं. "हा बघ कुठला! वरची कॅप मी केलीय, म्हणून दिसत नाही तुला."

आईने खुंटावरून अंगठा फिरवला. रडली, खोटं कशाला सांगू? मग मॉडेल पदराखाली घेऊन म्हणाली, "आत ठेवते. शेजारपाजारचे बघतील. पुरुषाचा हात उठतो कधीमधी, म्हणून कोणी संसार मोडतं का?"

संध्याकाळी जावई आला. आईने त्याच्यासाठी शिरा केला. मी दारात आडवी उभी राहिले, तर बहीणच म्हणाली, "राहू दे ताई." आणि बॅग उचलून त्याच्यामागे गेली.

दिवाळीनंतर त्याच डॉक्टरांकडून पुन्हा माप आलं. मॉडेल साहेबांनी सोडवलं. आडवा सुळा मी लांबूनच ओळखला. खाचेचा दात नव्हता, त्याच्या पलीकडचाही नव्हता. अलीकडची माझी कॅप तेवढी जागेवर होती.

साहेब भिंग लावून तिची कड बघत राहिले. "मानलं बाई तुला! ही फिटिंग मशीनच्या बापाला जमायची नाही. शेजारचे दोन गेले, पण तुझी कॅप हललीसुद्धा नाही."