उशाखालची सुरी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. चटईवर आडवी होते, डोळे मिटतात न मिटतात. उशाखाली सुरी आहे. उशाला लोखंड असलं की मेलेलं माणूस स्वप्नात येत नाही म्हणतात. पण मी शहाणी, ठेवलीय ती यांचीच सुरी!

म्हणून हे येतात.

माझे यजमान जन्मभर आगबोटीवर स्वयंपाकी होते. सुरी जपानच्या बंदरातून आणलेली. रोज वापरून, रोज धार लावून पातं निम्मं झालं. पुतण्या म्हणतो, "काकी, नवीकोरी ठेवली असती तर किंमत आली असती." किंमत गेली खड्ड्यात. हे गेल्यापासून मी तिने कांदासुद्धा चिरलेला नाही. तीही झिजून गेली तर यांचं म्हणून माझ्याकडे काय राहील?

हे ओट्याशी पाठमोरे उभे आहेत. "गंजली मगे," म्हणतात.

"तेल लावन ठेवलंय."

"सुरी म्हंजे काय लोणचा?"

ओटा हलतो. भांडी एका बाजूला सरकतात. खिडकीत परसातली केळ दिसायला हवी, तिथे पाणी आहे, काळं, चौकटीच्या वरपर्यंत. आमचं स्वयंपाकघर बोटीवर कधी गेलं? हे माझ्या पुढ्यात धारेचा ओला दगड ठेवतात आणि सुरी जमिनीवर. हातात देत नाहीत. हातोहात सुरी दिली की भांडण होतं, आणि मेल्यावरही हे तेवढं पाळतायत.

"घास."

मी घासते. दगडावर करडा चिखल उतरतो. मान वर करते तर यांची बोटं दिसत नाहीत. आणखी घासते, तर कोपरापासून पुढे हातच नाही.

मी थांबते. मला रडू फुटतं. "ही झिजली की तुमी पण संपतल्यात."

"मगे? तू जपतंस म्हणान मी हय अडकान पडलंय गो. ना धड बोटीर, ना घरात." आवाज पाण्याखालून येतो. "घास, वासंती. माका सोडव."

"नाय."

"घास गो."

मला भीती वाटते. त्याहून जास्त यांची दया येते. डोळे घट्ट मिटून घासत राहते. कितीतरी वेळाने हाक मारते, तर ओ येत नाही.

जाग येते. ऊन भिंतीवर चढलंय, केळ जागेवर आहे. हात तोंडावरून फिरवायला उचलते आणि तसाच धरून बसते. बोटांना करडा चिखल लागलाय, ओला, नखांच्या आतसुद्धा.

यात लोखंड किती आणि हे किती, कोण सांगणार? मोरीत जाऊन नळ सोडते. हात काही त्याखाली धरवत नाही.