मामांनी पाहिलेलं ठाण्याचं स्थळ

माझ्या बायकोच्या मामांइतका लुडबुड्या माणूस कल्याण स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे झाला नाही, आणि त्यांच्या लुडबुडीवरच आमचा संसार उभा आहे. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हे, व्यसन. तळ्यावर फिरायला जात आणि कुणाच्या तरी मुलीची पत्रिका खिशात घालून परत येत. एकदा दाढ काढायला गेले, तर गालातला बोळा सांभाळत डॉक्टरलाच "घरात उपवर कुणी?" असं विचारून आले. स्वतः विधुर. मामींचा विषय निघाला की "जरा चहा टाका" म्हणत, आणि आम्ही मुकाट्याने टाकत असू.

स्वातंत्र्यानंतर चारदोन वर्षांतली गोष्ट. आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं आणि बायकोचं बोलणं थांबलं. केर काढी, स्वयंपाक करी, पण तोंडातून शब्द नाही. आमच्या डोंबिवलीच्या आळीत जो तो वैद्य. कुणी अंगारा आणून दिला, कुणी माहेरी धाडा म्हणालं. माझी आई म्हणाली, "काय वाटेल ते कर, पण ठाण्याचं नाव काढू नकोस. एकदा तिथे नेली की लोक तिला जन्मभर वेडी म्हणतील." ठाण्यात वेड्यांचं मोठं इस्पितळ, त्यामुळे "याला ठाण्याला पाठवा" ही आमच्याकडची रोजची थट्टा. मीही ती शंभरदा केली असेल. आता ती घरात शिरली होती आणि मला अन्न गोड लागत नव्हतं.

मामांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मनाचा डॉक्टर हवा. स्थळं बघायला लागतो." आणि अक्षरशः बघायला लागले. पहिल्याबद्दल म्हणाले, "शिक्षण उत्तम, पण समोरच्याला बोलू देत नाही. आपली पोर आधीच गप्प, त्यात हा सुटणार." दुसऱ्याने मामा खुर्चीत टेकायच्या आत झोपेचं औषध लिहिलं. तिसरे ठाण्याच्या इस्पितळातलेच, संध्याकाळी आणि रविवारी सकाळी घरी पेशंट बघत. मामांनी दारातच त्यांच्या आईला गाव, गोत्र, पगार विचारला. म्हातारीला वाटलं, मुलीकडचे आले. तिने पोहे पुढे केले. मामांनी ते खाल्ले, वर थोडं खोबरं मागून घेतलं, आणि मग आत जाऊन स्वतःच पेशंट म्हणून बसले. परीक्षेची त्यांची रीतच ती. एखादं खोटं दुखणं सांगायचं आणि समोरचा ऐकतो कसा ते बघायचं.

तिथून आमच्याकडे आले ते न बोलता बसून राहिले. मला वाटलं, झालं, यांचंही बंद पडलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अरे, झोप येत नाही असं खोटंच सांगितलं रे. त्याने विचारलं, कधीपासून? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ही गेली तेव्हापासून. मग काय, रडतच बसलो. त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही." उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "पोरीला तिथेच न्यायची. तुझ्या आईला मी सांगतो."

आईला त्यांनी साफ थाप मारली. गुडघ्याच्या औषधाला ठाण्याला जावं लागतं, सोबतीला भाची हवी. दर रविवारी दोघं जात. आधी ती आत जाई, मग मामा. पुष्कळ दिवस काही फरक दिसेना. मग एका रविवारी भर उन्हात परत आली आणि दारातूनच बायको मला म्हणाली, "मामांना घाम बघा किती आलाय. पंखा द्या की." मी पंखा आणायचा सोडून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

हळूहळू ती बरी झाली आणि तिचं जाणं थांबलं. मामांचं थांबलं नाही. विचारलं तर "गुडघा" म्हणत. आमच्यासाठी शोधलेला डॉक्टर त्यांनाही लाभला, याचं मला आजही बरं वाटतं.

मामा गेले तेव्हा त्यांनी जुळवलेली जोडपी घरात मावत नव्हती. डॉक्टर दाराशी उभे होते. कुणीतरी विचारलं, "हे कुणाकडचे?" मी घाईघाईने "मामांचे स्नेही" म्हणणार, तोच बायको पुढे झाली. भरल्या घरात, माझी आई समोर बसलेली असताना, स्वच्छ आवाजात म्हणाली, "हे माझे डॉक्टर. ठाण्याचे."

आईने पदराने डोळे टिपले आणि सरकून त्यांना आपल्याशेजारी जागा करून दिली.