लांब गेलेल्यांचं कडवं

रोह्याच्या हलीमाचाचींचं नाव आधी घेतो. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहतो आणि धाटावच्या कंपनीत कंत्राटावर कामाला जातो. त्या नसत्या तर मागचा नाताळ मला सोसला नसता.

आमचं गाव जालन्याकडं. तिथं नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंडळी ढोलकी घेऊन दारोदार एक गाणं म्हणतात. ते कुणी रचलं, कुणालाच ठाऊक नाही. थोरली माणसं सांगतात, दुष्काळात गडीमाणसं खडी फोडायला लांब गेली, तेव्हा बाया जात्यावर त्यांची नावं घेऊन ओव्या म्हणायच्या. त्याच चालीत पुढं बाळ येशूचा जन्म आला. मरिया-योसेफही तेव्हा घरापासून लांबच होते ना. म्हणून शेवटच्या कडव्याआधी गाणं थांबतं, दारात विचारतात, "घरातलं कोण लांब आहे?" कर्ता माणूस नाव सांगतो, मंडळी ते कडव्यात घेतात. कुणी लांब गेलं नाही असं घर गावात नाही, म्हणूनच हे गाणं टिकलं असेल.

मी नववीतून शाळा सोडली, बाबांशी भांडून निघालो. तीन वर्षं त्यांनी माझा फोन उचलला नाही. दर नाताळला आई चोरून सांगायची, "नाव विचारलं, तर बाबा दारात गप्पच उभे राहिले रे." मागच्या खेपेला तर सुट्टीही मिळाली नाही. देवाकडं मागणंही मी सोडून दिलं होतं. दोन दिवस चाचींनी पाठवलेलं ताट तसंच परत गेलं. त्यांनी खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

त्यांनी भाड्याच्या कागदावरून बाबांचा नंबर काढला, मला न विचारता लावला. "अवो, तुमचा पोरगा दोन दिस जेवला नाय! भांडण मागाहून करा, तो काय पळून जात नाय." पलीकडून फोन कट. "बाप हाय का दगड!" म्हणत त्यांनी तांदळाची भाकरी माझ्यापुढं सरकवली.

त्याच संध्याकाळी, नाताळच्या आदल्या दिवशी, बाबांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडं ढोलकी वाजत होती. मग गाणं थांबलं, तो प्रश्न ऐकू आला. चाचींनी फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मधे धरला. बाबा खाकरले, आणि त्यांनी माझं घरातलं, लहानपणीचं नाव घेतलं.

हे देवानं केलं की चाचींच्या ओरडण्यानं, याचा वाद मी घालत नाही. मागायचं सोडलं होतं तरी मिळालं, एवढंच. आता प्रार्थनेला बसतो तेव्हा अटी घालत नाही.

फोन ठेवून चाची पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माझा इरफान कुवेतला हाय रं. त्याचा नाव घेतील का तुमची लोकं?"

चाची, सुट्टी मिळेल त्या नाताळात तुम्हाला गावी नेईन. आमच्या दारात बाबांच्या शेजारी उभं करीन. कोण लांब आहे असं विचारलं, की आधी तुम्ही बोलायचं.