चिंच-राखेनं घासलेले बुश

मी कॉलेजात घर्षण, झीज आणि वंगण शिकवते. आमच्या कोळीवाड्यात याचा अर्थ 'तेलाची डाक्टर' असा लावतात. मी तो कधी सुधारला नाही, ऐकायला बरं वाटतं. बाबांच्या होडीचा पितळी बुश, म्हणजे होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती जाड नळी, पूर्वी काही मोसम टिकायचा. आता खाडीच्या गढूळ पाण्यात एका मोसमातच झिजून पातळ होतो. भर समुद्रात दांडा धडधडायला लागला की अर्ध्यावरून होडी परत वळवावी लागते. वाड्यातल्या सगळ्याच होड्यांचं हे रडगाणं. मला चीड यायची, झिजेवर एवढं संशोधन चालतं आणि आमच्या बुशाला कुणी कुत्रं विचारत नाही!

म्हणून येत्या वर्षांत कुठल्या संशोधनाला अग्रक्रम द्यायचा हे ठरवणाऱ्या बैठकीचं बोलावणं आलं, तेव्हा मी कंबर कसली. विजेवरच्या गाड्यांची बेअरिंगं, पवनचक्क्यांचे गिअर, कृत्रिम गुडघे, सगळे रांगेत होते. त्यात मला छोट्या होड्यांचा बुश घुसवायचा होता. मासेमारीच्या पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जुने बुश तेव्हाच निघतात. बाबांना फोन केला, "झिजलेले मिळतील तेवढे गोळा करून पाठवा." आईनं तेवढ्यात पालीच्या गणपतीला नारळ बोलूनही टाकला.

बाबांनी खोका बांधून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला. मी तो स्टँडवर घेतला, थेट बैठकीत नेला आणि सगळ्यांसमोर उघडला. अगं बाई गं! आतले बुश देवघरातल्या समईसारखे लखलखत होते. साहेबलोकांसमोर काळंकुट्ट कसं न्यायचं, म्हणून वाड्यातल्या बायकांनी चिंच-राख लावून एकेक घासला होता. बारीक ओरखडे गेले, चिकटलेला गाळ गेला, करपलेलं ग्रीस गेलं. झीज वाळूनं झाली की मिठानं की ग्रीस आटल्यानं, हे त्यावरूनच तर कळतं. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आधी कुणी लादी पुसावी, तसं झालं. नमुना पुसू नका, हे मी वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते. घरी सांगायला मात्र विसरले. काय म्हणावं या अकलेला!

"पूजेला छान आहेत हो बाई," एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले आणि हशा पिकला. माझी मान वर होईना. अध्यक्ष भले होते. म्हणाले, पुढच्या बैठकीला जसेच्या तसे बुश आणा, पुरावा दिसला तर विषय यादीत घेऊ. त्यानंतर मात्र यादी बंद.

संध्याकाळी आईचा फोन. "काय गो बाय, आवडले का बुश साहेबांना?"

"सगळे बघतच राहिले, आये," मी म्हणाले.

तिचा आनंद मोडवेना, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की चूक माझी होती आणि ती कबूल करायला जीभ रेटेना. म्हटलं रविवारी आपणच जाऊ, उरलेल्या होड्यांचे बुश आपल्या हातानं काढून आणू, कुणाला काही सांगायलाच नको. मोठी शहाणी!

रविवारी पोचले तर आमच्या ओट्यावर बायकांचा मेळा. साहेब बघत राहिले, हे आईनं घरोघर सांगितलं होतं. मग काय विचारता! उरलेल्या एकूणएक होड्यांचे बुश बाबांनी काढून आणले होते आणि या खेपेला बायकांनी चिंच-राखेवर लिंबाचाही हात फिरवला होता. "बघ गो, तोंड दिसतंय त्यात," शेजारची काकू म्हणाली. नवे बुश झिजून निघायला अख्खा मोसम जाणार होता, आणि यादी त्याच्या कितीतरी आधी बंद होणार होती.

मी आईला मागीलदारी नेलं आणि सगळं सांगितलं. ती पदराला हात पुसत राहिली.

"म्हंजी आमीच वाट लावली?" तिनं विचारलं.

"न्हाय आये, मी लावली. मीच सांगितलं नाही, आणि वर खोटं बोलले."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती ओट्याकडे गेली. मी तिच्या मागोमाग गेले.

"बायांनो, ऐका," आई म्हणाली. "हे घासायचंच नव्हतं. पोरीनी मना बजावून सांगितलेला. मीच इसरले."

काकूनं कपाळावर हात मारून घेतला. "काय गो तू पन! एवढी शिकलेली पोर सांगते, तं ध्यानात ठेवायला नको?" मग सगळ्याच आईवर तुटून पडल्या, आणि आई मान खाली घालून ऐकत राहिली. मी तिच्या शेजारीच उभी होते. शरमेनं कान तापले होते, तरी मी तोंड उघडलं नाही.