माक्षिक तांबडे होईपर्यंत

जानेफळच्या शालिग्राम वैद्यांच्या परसात अग्नी हेच दैवत होते. माक्षिक नावाचा सोनेरी झाकेचा खनिज दगड कुटून, लिंबाचा रस शिंपीत, लोखंडी कढईत वैद्य तो तासन्‌तास परतत. त्यातला गंधक धूर होऊन निघून जावा आणि मागे विटेसारखी तांबडी पूड उरावी, हा त्या तपाचा हेतू. गंधक किंचितही राहिला, तर औषध घेणाऱ्याला ओकारी ठरलेली. म्हणून एकदा कढई चढली की वैद्य उठत नसत.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. वैद्यांच्या लेकीला, पंचफुलेला पाहायला चिखलीचे धान्यव्यापारी महादेवराव मुलासह येणार होते. ‘बरा दिवस पाहून येऊ’ असा निरोप होता. आधीचे एक स्थळ परसातल्या धुराच्या दर्पावरूनच मोडले होते. तेव्हा पाहुणे येतील त्या दिवशी चूल पेटवणार नाही, असे वचन रुक्मिणीबाईंनी पतीकडून घेतले होते. वैद्यांनी कढईसाठी पंचांगातून गुरुपुष्याचा शुभ दिवस निवडला. बरा दिवस पाहुणेही पंचांगातच पाहतात, हे काही त्यांच्या ध्यानी आले नाही.

पाहुणे दारात आले तेव्हा उग्र धुराने ओसरी भरली होती. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, आता तरी उठा, असे रुक्मिणीबाईंनी दबल्या आवाजात विनवले. वैद्यांचा हात क्षणभर थांबला. पूड अजून काळपटच होती. त्यांनी मान खाली घालून कढईतला सराटा, म्हणजे उलथणे, पुन्हा फिरवायला घेतला.

महादेवराव उपरण्याने नाक झाकून परसात आले.

“काय जाळून राह्यले हो वैद्यबुवा? पाहुण्याइले हाकलाचा बेत हाय काय?”

“आता उठलो तं माल कच्चा राह्यते, महादेवराव. मंग तो कोनाच्या तरी लेकराच्या पोटात जाईन. मी नाही उठत.”

महादेवरावांनी नाकावरचे उपरणे काढले. मग त्यांनी सांगितले, की गेल्या साली कुण्या एका वैद्याच्या पुडीने आपण स्वतः आठवडाभर ओकत होतो. त्याचे कारण आज उमगले. एवढे बोलून ते चुलीपाशी पाटावर बसले. रस संपत आला होता आणि उरलेली लिंबे सरबतासाठी राखलेली. सरबत राहू द्या, असे त्यांनीच सांगितले. नव्या लुगड्यातली पंचफुला लिंबे चिरायला बसली, आणि मुलगी पाहण्याचा सोहळा ठसकत, डोळे पुसत तिथेच पार पडला. धूर हुंगून “अजून वास हाय, बाबा,” असे तिने सांगितले, तेव्हा मुलाने बापाकडे पाहून हळूच होकारार्थी मान डोलावली.

पूड तांबडी झाली, दर्प मावळला. महादेवरावांनी सुपारी हाती घेतली.

“सोयरीक पक्की. फकत लग्नाच्या दिवशी ही चूल पेटवू नका.”

वैद्यांनी आनंदाने वचन दिले. रुक्मिणीबाईंनी मात्र लग्नाआधीच कढई आपल्या माहेरी धाडून दिली.