इंजिन मरूक नाय
मार्था गेल्याचा फोन तिच्या मुलीने, लिनाने केला, तेव्हा मी आंब्याच्या बागेत होतो. "काका, मम्मी गेली," एवढंच ती बोलली. मालवणजवळच्या आमच्या गावातली ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर त्याचं इंजिनदुरुस्तीचं दुकान तिने पंचवीस वर्षं एकटीने चालवलं. मातीला जमलेल्यांपैकी एक गृहस्थ हळहळून म्हणाले, बाई असूनही मेकॅनिक चांगली होती. महिना उलटला, तरी तो 'असूनही' माझ्या घशाखाली उतरलेला नाही... कारण एके काळी माझ्याही मनात तोच शब्द होता.

तीन वर्षांपूर्वी बाग मोहोराने भरलेली असताना तुडतुडे पडले आणि नेमका तेव्हाच फवारणीचा पंप ओढणारा माझा छोटा पेट्रोल ट्रॅक्टर चालता चालता बंद पडला. मार्थाचं दुकान वाटेवरच. तरी ट्रॅक्टर टेम्पोत घालून तिच्या दारावरून मी कणकवलीला नेला. ती दारातच उभी होती, मी मान वळवली. तिथल्या मेकॅनिकने आधी प्लग बदलला, मग कॉइल बदलली आणि चौथ्या दिवशी सांगितलं की इंजिनच गेलं, नवीन घाला. मोहोर काळा पडायला लागला होता. टेम्पो परत फिरला तो सरळ मार्थाच्या दारात.

तिने ट्रॅक्टर सावलीत घ्यायला लावला. प्लग काढला, वायरीला जोडून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवलं आणि मला चावी फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. मग कॉइलला आलेली एक बारीक वायर तिने उपसली. चावी बंद केल्यावर इंजिन थांबवते ती हीच, असं म्हणाली. पुन्हा चावी फिरवली आणि प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी तडतडली.

"इंजिन मरूक नाय रे सदा," ती म्हणाली. "कोणीतरी तेचा तोंड दाबून धरलेला आसा."

त्या वायरीचा माग काढत ती सीटखाली पोचली. चालक उठला की इंजिन बंद करणारा स्विच तिथे असतो. तो खाऱ्या हवेने गंजला होता आणि त्याची वायर घासून उघडी पडून सांगाड्याला चिकटली होती. अर्ध्या तासात तिने वायर बदलली, स्विच साफ केला. संध्याकाळपर्यंत अर्धी बाग फवारून झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, मी दारावरून पुढे गेलो त्याचा राग नाही आला?

"राग इलो," ती म्हणाली. "पण इंजिनाचो काय गुन्हो?"

पुढे तिच्या हृदयाने कुरबुर सुरू केली. डॉक्टरांनी दुकान बंद करायला सांगितलं, लिनाने रडून विनवलं, पाद्रींनीही समजावलं. मार्था सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि सकाळी शटर वर करायची. मीही एकदा बोलून पाहिलं. घरात बसून वाट कसली बघायची, असं तिने मलाच विचारलं. गेली त्या दिवशीही दुपारपर्यंत एका होडीचं इंजिन खोलून बसली होती. लोक म्हणतात, विश्रांती घेतली असती तर आणखी जगली असती. असेल. पण ते जगणं तिचं नसतं.

परवा पर्यटकांसाठी खोल्या बांधणारा एकजण दुकानाची जागा बघायला आला. आत फिरताना मार्थाची बुटकी लाकडी खुर्ची पायात आली म्हणून त्याने ती उचलून बाहेर अंगणात ठेवली. ग्रीसने काळी झालेली, एका पायाला पत्र्याची पट्टी ठोकलेली. लिना बाहेर गेली, खुर्ची उचलून आणली, इंजिनांच्या मधोमध जिथे होती तिथेच ठेवली आणि तिच्यावर बसली. त्या माणसाला उभं राहायलाही जागा उरली नाही.